कळतं, पण वळत नाही: एडीएचडीबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांच्या कामावर लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बार्कलींनी सत्तरच्या दशकापासून एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, याच विषयाला आयुष्य दिलं, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या अतिचंचल मुलांचा त्यांनी मारिएलन फिशर यांच्याबरोबर लहानपणापासून पार मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला, आणि त्यातून त्यांनी जे मांडलं ते असं, की या मुलांना काय करायचं ते माहीत नसतं असं नाही, माहीत असलेलं ऐनवेळी करता येत नाही. कळतं पण वळत नाही. हे एवढं डोक्यात ठेवून खालची उत्तरं वाचा, कारण मी फिरून फिरून तिथंच येणार आहे.

पत्रं थोडी लहान केलीत, नावं अर्थातच दिली नाहीत.

उदगीरहून एक ताई लिहितात: मॅडम, माझं लेकरू आठ वर्षाचं आहे, तिसरीला. एका जागी बसतच नाही. मोबाईल दिला की दोन तास हालत नाही आन गणिताची वही काढली की पाच मिनिटात पाणी, शू, पेन्सिल, मांजर, काहीपण. घरचे म्हणतेत मोबाईलवर लक्ष लागतंय म्हंजे आजार कशाचा, माजलंय नुस्तं. ह्यांचा हात उठायलाय. मला बघवत नाही पण मी काय म्हणून सांगू त्यांना?

ताई, घरच्यांना पडलेला प्रश्न सगळ्यांनाच पडतो, चांगल्या शिकलेल्या लोकांनाही. तर बघा, मोबाईलच्या गेममध्ये दर दोन-चार सेकंदाला काहीतरी मिळत असतं, पॉइंट येतो, आवाज येतो, रंग बदलतो, तिथं लेकराला स्वतःहून लक्ष धरून ठेवावं लागतच नाही, गेमच त्याला धरून ठेवतो. गणिताच्या वहीत तसं काही नाही, तिथं कंटाळा आत्ता सोसायचा आणि शाबासकी उद्या बाई वही तपासतील तेव्हा, नाहीतर थेट परीक्षेत. हे मधलं अंतर स्वतःच्या जोरावर पार करायची ताकद या मुलांमध्ये वयाच्या मानानं कमी असते. म्हणून मोबाईलवर बसतो यावरून एडीएचडी नाही असं ठरत नाही, आणि आहे असंही ठरत नाही, ते डॉक्टरांनी सगळं बघूनच ठरवायचं.

बार्कलींनी १९९७ साली जो मोठा लेख लिहिला त्यात त्यांनी लक्षापेक्षा थांबण्यावर भर दिला. मनात आलं की लगेच करणं आणि मनात आलं तरी क्षणभर थांबणं, या दोन्हीच्या मधी जो क्षण असतो त्या जागेतच माणूस मागचं आठवतो, पुढचं बघतो, मनातल्या मनात स्वतःला सांगतो की आधी हे कर, मग ते. थांबणंच जमलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही. बाईंनी शिकवलेलं आठवत असतं, पण ते वापरायच्या आधीच हात पुढं गेलेला असतो.

माझ्याकडं एका मुलाची वही आली होती, पान डोळ्यापुढं आहे अजून. वर तारीख सुंदर अक्षरात, खाली लाल रेघ. पहिल्या तीन बेरजा बरोबर, हातचा नीट वर लिहिलेला. चौथीत अधिकचं चिन्ह असताना वजाबाकी केलेली. पाचवीत आकडे एक घर सरकलेले. सहावीचा वरचा आकडा लिहून सोडून दिलेली आणि शेजारी ट्रॅक्टर, त्याला ट्रॉली, ट्रॉलीत ऊस, अगदी एकेक कांडं काढलेलं. खाली बाईंचा शेरा, 'येत असून करत नाही'. बाईंनी रागानं लिहिलं असणार, पण निदान त्याच्यातच आहे. पहिल्या तीन बेरजा सांगतात की पोराला बेरीज येते, त्यामुळं बेरीज पुन्हा शिकवून काही होणार नाही, पुन्हा पुन्हा समजावून तर अजिबातच नाही. मदत पाहिजे ती चौथ्या बेरजेच्या वेळी.

तेच बार्कलींचं सांगणं आहे, मदत काम चालू असतं त्या जागी आणि त्या वेळी द्या. म्हणजे वीस गणितं एकदम देऊ नका, चार द्या, तुम्ही शेजारी भाजी निवडत बसा, चार झाली की लगेच खूण करा, उठून एक चक्कर मारून येऊ द्या, मग पुढची चार. घड्याळ त्याच्या समोर ठेवा, काटा सरकताना दिसला पाहिजे, कारण या मुलांना वेळ आतून कळत नाही, 'दहा मिनिटात आवर' हे त्यांच्यासाठी नुसते शब्द असतात. पुटपुटत गणित करत असेल तर करू द्या, गप्प बस म्हणू नका, आपण मोठी माणसं मनात बोलतो ते त्याला अजून मोठ्यानं बोलावं लागतंय. आणि बक्षीस लांबचं नको. 'पास झालास तर सायकल' हे जूनमध्ये सांगून काहीच उपयोग नाही, आजच्या चार गणितांना आजच काहीतरी मिळालं पाहिजे, मग ते गच्चीवर दहा मिनिटं पतंग का असेना.

आता मिस्टरांना दाखवायला एक गोष्ट देते. फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एडीएचडी असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. मेंदूच्या वरच्या थराची जाडी बाकीच्या मुलांत सरासरी साडेसात वर्षाच्या आसपास ज्या टप्प्याला पोचते, तिथं या मुलांचा मेंदू साडेदहाच्या आसपास पोचत होता. वाढीचा क्रम तोच, पण उशिरा, आणि हा उशीर सगळ्यात जास्त कपाळामागच्या भागात, म्हणजे जिथून माणूस स्वतःला आवर घालतो तिथंच. बार्कली पालकांना एक ढोबळ हिशोब सांगतात, स्वतःला आवरण्याच्या बाबतीत असं मूल वयापेक्षा साधारण ३० टक्के मागं धरा. तुमचा आठ वर्षाचा मुलगा या एका बाबतीत साडेपाच वर्षाचा समजा. साडेपाच वर्षाच्या लेकराला तासभर गणितं करत नाही म्हणून कोणी मारतं का? त्याला मारू नयेच, म्हणून तुमच्याकडचा हा मारही थांबलाच पाहिजे. मार खाल्ल्यावर त्याला काय चुकलं ते कळतंच, आधीही कळत होतं, पुढच्या वेळी हात उचलायच्या आधी ते आठवणं हीच तर अडचण आहे आणि ती मारानं सुटत नाही, उलटं पोरगं खोटं बोलायला शिकतं.

धारूर तालुक्यातले एक गुरुजी विचारतात: माझ्या वर्गात २६ पोरं, त्यातली निम्मी ऊसतोड कामगारांची. लेख वाचल्यावर वाटायलं की सहा-सात जणांना तर हेच असणार, बसत नाहीत, ऐकत नाहीत, वही अर्धवट. सगळ्यांनाच डॉक्टरकडं पाठवायचं का?

गुरुजी, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. नाही, सगळ्यांना नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २००७ मध्ये झाला तेव्हा प्रमाण साधारण ५ टक्के निघालं, म्हणजे २६ च्या वर्गात एखादं-दुसरं मूल. सहा-सात जण दिसत असतील तर बाकीच्यांचं कारण दुसरं आहे आणि ते आपल्याकडं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

जे लेकरू दसरा-दिवाळीला आईबापाच्या कोयत्याबरोबर टोळीत गेलं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत आलं, त्याचा निम्मा अभ्यास बुडालेला असतो. फळ्यावर काय चाललंय ते कळत नसेल तर कुठलंही मूल चुळबुळ करणारच. कोपीत राहून, रात्री गाडी भरायच्या गडबडीत अर्धवट झोपून, लहान भावंडाला सांभाळून आलेलं मूल वर्गात पेंगतं नाहीतर उगीच खोड्या काढतं, कारण झोप कमी पडलेली लहान मुलं मोठ्यांसारखी सुस्त होत नाहीत, उलटी जास्त उधळतात. रक्त कमी असणं, सकाळी काही न खाता येणं, कान वाहून ऐकू कमी येणं, नजर कमी असणं, घरातली भांडणं, दारू, हे सगळं बाहेरून हुबेहूब एडीएचडीसारखं दिसतं. अजून एक, फिट्सचा एक प्रकार असतो ज्यात मूल पडत नाही, काही सेकंद नुसतं टक लावून थांबतं आणि पुन्हा चालू, बोलता बोलता वाक्य तुटतं, ते 'लक्ष नाही' म्हणून वर्षानुवर्षं मार खातं.

मग खरं मूल ओळखायचं कसं? हा त्रास बारा वर्षाच्या आत सुरू झालेला असतो, सहा महिन्याच्या वर टिकलेला असतो, आणि एकाच जागी नसतो, शाळेत आहे तर घरीही आहे, मामाच्या गावीही आहे. तुमच्या वर्गातलं हंगामी वसतिगृहात राहिलेलं, शाळा न बुडालेलं, पोटभर जेवणारं, झोपणारं, गोष्ट ऐकताना हुशारीनं प्रश्न विचारणारं आणि तरी दर वर्षी दर शिक्षकाला तीच तक्रार असलेलं पोर असेल, तर त्याला पुढं पाठवा.

वयही बघा. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ९ लाखांवर मुलांची नोंद तपासून २०१२ मध्ये दाखवलं गेलं की वर्गात वयानं सगळ्यात लहान असलेल्या म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना, जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा एडीएचडीचं लेबल ३० टक्के जास्त लागत होतं आणि मुलींना तर ७० टक्के जास्त. नुसतं लहान असणं आजार समजलं गेलं. आपल्याकडं एका पिढीचा अख्ख्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, तेव्हा कागदावरच्या वयावर न जाता आईला विचारा, कुठल्या सणाच्या आसपास झालं हे लेकरू.

वर्गात काय करता येईल तर त्या मुलाला पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून लांब बसवा, सूचना एका वेळी एकच द्या, फळा पुसायचं, वह्या गोळा करायचं, पाणी आणायचं काम त्याला द्या म्हणजे उठणं शिक्षेऐवजी काम होतं. चुकल्यावर सगळ्या वर्गासमोर बोलण्याऐवजी जवळ जाऊन बाकावर बोट टेकवा, एवढ्यानं पुष्कळ मुलं परत वहीत येतात. हे सगळं बाकीच्या पंचवीस जणांनाही चालतंच. आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत तपासणीला येते त्या डॉक्टरांना या एका मुलाबद्दल आवर्जून सांगा, त्यांच्या यादीत एडीएचडी आहे, ते फक्त उंची-वजन घेऊन निघून जाऊ नयेत.

सेलूहून एक आजोबा, निवृत्त मुख्याध्यापक: आमच्या काळी असलं काही नव्हतं. दोन छड्या दिल्या की पोरं सरळ. हे सगळं औषध कंपन्यांनी काढलेलं आहे आणि तुमचे हे बार्कली त्यांचेच असतील.

सर, रोखठोक विचारलंत ते बरं केलं. कंपन्यांबद्दल आधी सांगते, औषध कंपन्यांकडून मानधन घेतल्याचं बार्कलींनी स्वतः जाहीर केलेलं आहे आणि वाचकांना ते माहीत असलंच पाहिजे. त्यांच्या एकट्याच्या शब्दावर मीही विसंबत नाही. पण या आजाराचं वर्णन कंपन्यांच्या औषधांच्या फार आधीचं आहे. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये व्याख्यानं देऊन अशी मुलं मांडली, हुशार असूनही स्वतःला आवरता न येणारी आणि शिक्षेचा परिणाम न होणारी. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी आपल्या रुग्णालयातल्या मुलांना तपासणीनंतरच्या डोकेदुखीवर बेन्झेड्रीन हे औषध देऊन बघितलं, डोकेदुखीला फार फरक पडला नाही पण बऱ्याच मुलांचा शाळेतला अभ्यास अचानक सुधारला, मुलंच त्याला गणिताची गोळी म्हणायला लागली. योगायोगानं सापडलेली गोष्ट आहे ती.

आणि जुळ्यांचे अभ्यास घ्या. कितीतरी देशांत, वेगवेगळ्या लोकांनी केलेत, त्यांची सरासरी काढली तर एडीएचडीत माणसामाणसात जो फरक दिसतो त्यातला साधारण ७४ टक्के भाग आनुवंशिक निघतो, उंचीच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. २००२ साली बार्कलींसह ८० हून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून निवेदन काढलं होतं की हा आजार खरा आहे, आणि २०२१ मध्ये जागतिक एडीएचडी महासंघाच्या तज्ज्ञांनी पुराव्यासकट २०८ निष्कर्ष एकत्र छापले. लाड, गोड खाणं, टीव्ही यातून हा होतो याला आधार मिळालेला नाही. साखरेची तर नीट परीक्षा झालीय, कुठली ते मुलांना आणि पालकांना न सांगता साखर आणि खोटी साखर देऊन बघितलं, वागण्यात फरक दिसला नाही.

तुमच्या काळी नव्हतं यावर मात्र मला खरंच बोलायचंय. होतं सर. ती मुलं चौथीत नाहीतर सातवीत शाळा सोडून गेली, कुणी गुरं राखली, कुणी हमालीला गेलं, कुणी गाडीवर क्लीनर झालं, आणि त्यांची नावं हजेरीपटावरून कमी झाली म्हणून वर्ग सरळ दिसला. तुमच्या आठवणीतली अशी दोन-तीन पोरं आठवून बघा, तुम्हाला त्यांची नावं अजून पाठ असतील.

लातूरला मुलाला ठेवलेले एक वडील (गाव अहमदपूर तालुका): मुलाला दहावीला ८८ टक्के होते. नीटच्या क्लाससाठी लातूरला रूम करून दिली. अकरावीत आता टेस्टमधी मार्क पडेनात, म्हणतो लक्ष लागत नाही. त्याच्या रूममेटनं सांगितलं एक गोळी असती, घेतली की रात्रभर अभ्यास होतो. ती मेडिकलवर भेटंल का?

भाऊ, नाही, आणि कुणी देत असेल तर घेऊ नका. तुम्ही म्हणताय ती गोळी बहुतेक एडीएचडीवर देतात ती मिथाइलफेनिडेट असणार. ती नार्कोटिक्स कायद्याखाली येणारी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे, आणि आधी हृदयाची माहिती, नाडी, बीपी, वजन बघून, थोड्या डोसपासून सुरू करतात. ज्याला एडीएचडी नाही त्याला ती घेऊन नीटचं फिजिक्स येत नाही, फक्त झोप उडते, आणि झोप उडाली की पाठ केलेलं टिकत नाही.

आता मुलाबद्दल. एडीएचडी सोळाव्या वर्षी लातूरला जाऊन सुरू होत नाही. लहानपणी होतं का ते तुम्ही आणि त्याच्या आईनं आठवा. काही हुशार मुलांचं असतं पण झाकलेलं राहतं, कारण घरी आई उठवायची, डबा द्यायची, वही बघायची, गावातल्या शाळेत सरांचं लक्ष असायचं, म्हणजे बाहेरून सगळा आधार होता आणि रूमवर गेल्याबरोबर तो एकदम निघून गेला. तसं असेल तर तपासणी करून घ्या, निदान झालं तर औषधाचा उपयोगही होईल. पण लहानपणी काहीच नव्हतं आणि आत्ता सुरू झालंय तर आधी दुसरीकडं बघा, झोप किती, मेसचं जेवण जातं का, घरची आठवण, सतत रँक लावल्याची भीती, मोबाईल, आणि उदासपणा. 'लक्ष लागत नाही' हे वाक्य पोरं उदासपणासाठीही वापरतात, कारण 'मला जगणं नको झालंय' हे वडलांना म्हणवत नाही. तुम्ही या आठवड्यात लातूरला जा, मार्काचं न काढता एक दिवस त्याच्याबरोबर राहा. तो नीट जेवत-झोपत नसेल, किंवा असलं काही बोलला, तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर कधीही, रात्रीही, मराठीत बोलता येतं, आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

औषधाबद्दल अजून पाच-सहा पत्रं आहेत, त्यांचंही इथंच घेते. निदान पक्कं असेल तर औषध हा घाबरायचा विषय नाही. अमेरिकेत ७ ते ९ वर्षाच्या ५७९ मुलांवर मोठा अभ्यास झाला, १९९९ मध्ये छापून आला, चौदा महिन्यांनी बघितलं तर नीट देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांची चंचलता आणि लक्षाचा त्रास नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा जास्त कमी झाला होता, आणि दोन्ही एकत्र दिलेल्या मुलांना औषध कमी डोसात पुरलं. पुढं तीन वर्षांनी मात्र गटागटातला फरक उरला नाही, म्हणजे एकदा गोळी सुरू केली आणि विसरलो असं चालत नाही. भूक कमी होणं आणि झोप उशिरा येणं हे त्रास नेहमी दिसतात, उंची-वजनावर लक्ष ठेवावं लागतं. अ‍ॅटोमॉक्सेटीन हे दुसरं औषध आहे, त्याला गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसात बंद करू नका. सहा वर्षाच्या आतल्या लेकराला आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. चष्मा लावला की अक्षर दिसतं पण वाचायचं शिकवावंच लागतं, औषधाचं तेवढंच आहे.

जालन्याहून एक मावशी: माझी भाची नववीला. अजिबात वांड नाही, उलट इतकी शांत की घरात आहे का नाही ते कळत नाही. हाक मारली तर तिसऱ्यांदा बघती. जेवायला तास लागतो. शाळेत सगळे 'स्लो' म्हणतात. हिला पण हेच असंल का?

मावशी, मला सगळ्यात जास्त काळजी अशाच मुलींची वाटते, कारण त्या कुणाला त्रास देत नाहीत म्हणून कुणी त्यांना डॉक्टरकडं नेत नाही. एडीएचडीत एक प्रकार असा असतो ज्यात उड्या मारणं नसतं, नुसतं लक्ष टिकत नाही, आणि मुलींमध्ये तो जास्त वेळा निसटतो. कॅलिफोर्नियात स्टीफन हिनशॉ यांनी फक्त मुलींचाच अभ्यास सुरू केला, एडीएचडी असलेल्या १४० मुली घेतल्या आणि मोठेपणापर्यंत त्यांच्याबरोबर राहिले. त्यात दिसलं की शांत दिसणाऱ्या मुलीसुद्धा पुढं अभ्यासात, नात्यात, स्वतःबद्दलच्या मतात फार सोसतात, स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाणही एडीएचडीच्या या मुलींत एकूण जास्त निघालं.

पण तुम्ही जे वर्णन केलंय, हरवल्यासारखं बसणं, संथ हालचाल, हाक उशिरा पोचणं, त्यावर बार्कलींनी वेगळं काम केलंय. पूर्वी याला 'स्लगिश कॉग्निटिव्ह टेम्पो' म्हणायचे, २०२२ मध्ये अभ्यासकांनी मिळून नाव बदलून 'कॉग्निटिव्ह डिसएन्गेजमेंट सिंड्रोम' केलं, कारण पोराला सुस्त म्हणणारं नाव लावायचं नाही असं सगळ्यांना वाटलं. बार्कलींनी अमेरिकेत मोठ्यांचा आणि मुलांचा पाहणी-अभ्यास केला तर असं निघालं की यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना एडीएचडीही होतं आणि बाकीच्यांना नव्हतं, म्हणजे दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळतात पण एकच नाहीत. अतिचंचल मुलाला थांबता येत नाही, हिला बाहेरच्या जगाकडं वळता येत नाही. हे अजून कुठल्या अधिकृत आजारांच्या यादीत नाही, त्यामुळं डॉक्टरांनी हे नाव लिहिलं नाही तर वाद घालू नका. आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, नववीच्या वयात रक्त कमी असणं फार वेळा निघतं, थायरॉइडही कधीकधी. झोप बघा. काही मनाला लागलंय का ते तुम्ही मावशी म्हणून विचारा, आईला सांगणार नाही ते तुम्हाला सांगेल. आणि हाक लांबून मारू नका, जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवून, तिनं बघितल्यावर बोला. 'स्लो' हा शब्द घरात तरी बंद करा.

नांदेडहून एक वाचक, वय ३४: मुलाचं निदान झालं, फॉर्म भरताना प्रत्येक प्रश्नाला माझंच लहानपण दिसायलं. तीन नोकऱ्या सोडल्या, बिलं भरायची राहतात, बायको वैतागली. या वयात तपासून काय फायदा?

फायदा आहे. आनुवंशिकता इतकी आहे म्हटल्यावर तुम्हाला असणं नवल नाही. मिलवॉकीच्या अभ्यासातली मुलं मोठी झाली तेव्हा त्यांच्या नोकऱ्या, पैसे, संसार सगळ्यात हा त्रास दिसत होता, आणि कित्येकदा त्यांना स्वतःला तो जाणवत नव्हता, घरचे सांगत होते. म्हणून तपासणीला बायकोला बरोबर घेऊन जा आणि जमलं तर आईलाही, शाळेच्या जुन्या निकालपत्रावरचे शेरे सापडले तर फारच उत्तम. मोठ्यांना औषधाचा उपयोग होतो. तोपर्यंत बिलं बँकेतून आपोआप जाऊ द्या, डोक्यात काही ठेवू नका, भिंतीवर लिहा. आणि मुलाला सांगा की पप्पालाही हेच आहे.

हिंगोलीहून एक आई: पोरगं सोळाचं, एडीएचडीची गोळी चालू आहे. गाडी मागायलाय, सगळ्या मित्रांकडं आहे म्हणतो. देऊ का?

देऊ नका. गिअरची गाडी अठराच्या आधी कायद्यानंच चालत नाही, अल्पवयीन मुलाच्या हातात सापडली तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण मी कायद्यासाठी म्हणत नाहीये. गाडी चालवणं आणि एडीएचडी हा बार्कलींच्या कामाचा मोठा भाग आहे, त्यांना दिसलं की या तरुणांचे अपघात आणि वेगाचे दंड जास्त असतात, आणि नियम विचारले तर बरोबर सांगतात. ऐन वळणावर थांबणं जमत नाही. स्वीडनमध्ये १७ हजारांवर एडीएचडीच्या लोकांची नोंद बघून २०१४ मध्ये निघालं की पुरुषांमध्ये औषध चालू असलेल्या काळात गंभीर अपघात ५८ टक्के कमी होते. म्हणजे अठरानंतर गाडी दिलीत तरी गोळीच्या वेळात, हेल्मेट घालून, मागं मित्र न बसवता, मोबाईल डिकीत, आणि पहिलं वर्षभर हायवेवर नाही.

अंबाजोगाई, परळी, कळंब, वसमत इथून बऱ्याच जणांचा एकच प्रश्न: दाखवायचं कुठं आणि सर्टिफिकेट मिळतं का?

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर आणि नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथं मानसोपचार विभागाची ओपीडी असते. लहान मुलांसाठी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र कुठं आहे ते विचारा, त्याला डीईआयसी म्हणतात. सर्टिफिकेटचं असं, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात एडीएचडी स्वतंत्र नावानं नाही, पण वाचन-लेखन-गणिताची अध्ययन अक्षमता आणि ऑटिझम आहेत, आणि एडीएचडीच्या पुष्कळ मुलांना सोबत अध्ययन अक्षमता असते. ती तपासून घ्या, निघाली तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण दहावीच्या फेब्रुवारीत धावपळ करू नका, आठवीतच सुरू करा.

जाताना मुलाच्या या वर्षीच्या आणि मागच्या दोन वर्षांच्या वह्या न्या, गाईड किंवा निकाल नाही, वह्या. वर्गशिक्षकांकडून अर्धं पान लिहून घ्या, मूल वर्गात नेमकं काय करतं ते, 'मस्ती करतो' एवढंच नको. कान-डोळे तपासलेले कागद असतील तर तेही. आणि एका फेरीत निदान झालं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका, नीट निदानाला दोन-तीन फेऱ्या लागतातच.